पैलदेशी गेलेला तांबट

एका नदीच्या दोन काठांवर दोन देश होते. अलीकडचा तो ऐलदेश आणि पलीकडचा तो पैलदेश. नदी एकच, भाषा एकच, जेवणातलं तिखटसुद्धा सारखंच. फरक होता तो फक्त कारभारात.

ऐलदेशात राजा नव्हता, सभा होती. दर पौर्णिमेच्या सकाळी सारा गाव चिंचेखाली जमायचा. तिथे प्रत्येक घराची एक दगडी बैठक होती, वाडवडिलांनी घडवलेली आणि घराण्याची खूण कोरलेली. बैठकीवर बसलेल्या माणसाला बोलायचा हक्क होता, आणि एकाने जरी "नाही" म्हटलं तरी ती बाब पुढच्या पौर्णिमेवर जायची. आता माणसं म्हटली की नाही म्हणणारा एक तरी निघतोच. त्यामुळे सभेत काथ्याकूट भरपूर व्हायचा आणि कामं भिजत पडायची.

पैलदेशात राजा होता. तिथे सकाळी दवंडी पिटली की संध्याकाळी काम झालेलं असायचं.

ऐलदेशात एक तांबट राहत होता. हात असा की त्याने हातोडीने ठोकून मठारलेली घागर उन्हात ठेवली की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. पण त्याच्या आळीत पाणी नव्हतं. ओढ्याचं पाणी आळीपर्यंत आणायला एक पाट काढायचा होता, आणि त्या पाटाची बाब नऊ वर्षं सभेपुढे होती. एक जण म्हणे, पाट माझ्या फणसाच्या मुळांवरून जातो. दुसरा म्हणे, आधी आमच्या आळीला पाणी द्या. तिसऱ्याला पाटाशी काहीच देणंघेणं नव्हतं, पण दुसरा हो म्हणाला की आपण नाही म्हणायचं, एवढा त्याचा नेम होता. तांबटाची बायको तोवर ओढ्यावरून हंडे वाहत होती. तिचे गुडघे सुजले होते. उठताबसता ती "आई गं" म्हणायची आणि तांबटाच्या हातातली हातोडी थांबायची.

त्याची मोठी बहीण पैलदेशात दिलेली होती. दर भाऊबिजेला तो होडीने नदी ओलांडून तिच्याकडे जायचा. तिच्या दारात पाणी खळखळत असायचं, रस्ते झाडलेले असायचे. ओवाळून झालं की तो विचारायचा, "अक्का, कसं चाललंय गं तुमच्याकडे?"

"सोन्यासारखं," अक्का म्हणायची. "मागच्या महिन्यात राजानं पूल बांधायला काढला नि या महिन्यात लोक त्यावरून ये-जा करायला लागले."

नागपंचमीला अक्का माहेरी यायची. तेव्हा तिच्या विचारण्याची पाळी. तांबटही छाती फुगवून सांगायचा, "आमच्याकडे काय, जो तो मनातलं बोलतो. मोठ्यातल्या मोठ्याला तोंडावर नाही म्हणतो. कुणाची भीती नाही बघ." ते ऐकताना अक्काचे डोळे भरून यायचे. तिला माहेर आठवतंय, असं तांबटाला वाटायचं.

त्याचं असं होतं की दोन्ही देशांत एक रीत होती. पाहुण्यापुढे आपल्या देशाचं उणं काढायचं नाही. काढलं तर पाहुण्याच्या पानात खडा वाढल्यासारखं मानायचे. म्हणून पाटाचं रडगाणं तांबटाने अक्काला कधी ऐकवलं नाही. ओढ्यावरचं पाणी तो तिच्या नजरेआडच भरून ठेवायचा. आणि अक्काच्या घरी जे सांगायचं राहून जायचं, ते तांबटाला कधी कळलं नाही.

पैलदेशाहून परतताना तो होडीत उलटं तोंड करून बसायचा, होडी अलीकडे लागेपर्यंत. त्या दारातल्या पाण्याचा आवाज त्याच्या कानात पुढे कितीतरी दिवस राहायचा. काम करताकरता तो नदीकडे बघत बसे, आणि बायको म्हणे, "अहो, घागर तापून लाल झाली की."

दहाव्या वर्षी पाटाची बाब पुन्हा पुढे ढकलली गेली, तेव्हा तांबट उठून उभा राहिला. "मी पैलदेशात राहायला जातो," तो म्हणाला.

तिथला नियम सगळ्यांना ठाऊक होता. देश सोडणाऱ्याने आपली बैठक आपल्या हाताने नदीत लोटायची, आणि एकदा बुडालेली बैठक पुन्हा मिळायची नाही. सुगीपुरतं इकडे आणि सणापुरतं तिकडे असं कुणी करू नये, म्हणून तो नियम केलेला होता.

सभेतला सर्वांत म्हातारा माणूस म्हणाला, "बाबा, एवढी एक पौर्णिमा थांब. आपण यावर बोलू."

"बोलू?" तांबट हसला. "मी जावं की नाही हे ठरवायलाही तुम्ही नऊ वर्षं घ्याल!"

त्याने पहार घातली आणि आजोबांनी घडवलेली बैठक काठापर्यंत ढकलत नेली. ती पाण्यात पडली तेव्हा तो क्षणभर काठावरून वाकून बघत राहिला. पण होडी तयार होती, आणि भाऊबिजेला तो "येतो राहायला" म्हणाला होता तेव्हापासून अक्का पलीकडे वाट बघत होती.

पैलदेशाने त्याला एका दिवसात घर दिलं. तांबटांच्या आळीतच, दारात पाणी असलेलं. बायकोने पहिल्या सकाळी उंबऱ्यात बसून घागर भरली आणि तिला रडूच आलं. महिन्याभरात तिच्या गुडघ्यांची सूज उतरली. तांबट मनापासून काम करू लागला. सभेची त्याला आठवणही होत नव्हती.

मग एका सकाळी दवंडी आली. हातोड्यांच्या आवाजाने राजाची दुपारची झोप मोडते, सबब तांबटांनी संध्याकाळच्या आत गावाबाहेरच्या माळावर जावं. राजा काही दुष्ट नव्हता. त्याला झोप लागत नव्हती, एवढंच. संध्याकाळी आळी रिकामी झाली आणि दुसऱ्या दिवशी तिथे फुलझाडं लावली गेली. पाणीही झाडांकडे वळवलं.

माळावर जाऊन तीन महिने झाले नसतील, तोच दुसरी दवंडी आली. यापुढे भांडी राजाच्या कारखान्यात साच्यात ओतली जातील, हाताने घडवण्याची गरज नाही. तांबटांनी हातोड्या जमा कराव्यात आणि बागेला पाणी घालायच्या कामावर रुजू व्हावं.

तांबट कचेरीत गेला. तिथला कारकून भला माणूस होता. त्याने पाणी विचारलं, बसायला दिलं.

"मला राजाला सांगायचं आहे," तांबट म्हणाला.

"काय सांगायचं आहे?"

"की हे मला पटलेलं नाही."

कारकुनाने आठवून बघितलं, मागच्या खोलीत जाऊन कुणाला तरी विचारलंही. परत येऊन तो अगदी खरेपणाने म्हणाला, "काका, ते सांगायची जागा आपल्याकडे नाही हो."

तांबटाने हातोडी टेबलावर ठेवली. चाळीस वर्षं ती हातात होती. तिच्याशिवाय हात नुसताच लोंबतोय, असं त्याला वाटलं. तो तसाच अक्काकडे गेला आणि दारातच मटकन बसला.

अक्काने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. आत जाऊन तिने चहा ठेवला, बाहेर येऊन ती त्याच्या शेजारी बसली. "आता तू पाहुणा नाहीस," ती म्हणाली. "आता सांगते. हे माझं चौथं घर आहे. पहिलं रस्त्यात गेलं, दुसरं तटात गेलं, तिसरं कशात गेलं ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तुझे भाऊजी वैद्य होते, हे तरी तुला आठवतंय का? आता ते राजाच्या घोड्यांची मोजदाद ठेवतात. तीसुद्धा दवंडीच होती."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"पाहुण्यापुढे कसं बोलायचं?" अक्का म्हणाली. मग तिने पदराने तोंड पुसलं. "ते निमित्त झालं रे. खरं सांगू? तू येतो म्हणालास आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तीस वर्षं या काठावर मी एकटी. मला तू इथे हवा होतास."

तांबटाला संताप आला. तो उठून फाटकापर्यंत गेला. मग त्याला आपलीच फुगवलेली छाती आठवली. "मी तरी तुला पाटाचं कुठे सांगितलं होतं?" तो म्हणाला. "तुझ्या भावजयीचे गुडघे मी तुझ्यापासून लपवले."

तो परत येऊन अक्काशेजारी बसला. चहा उकळून गेला.

त्या दिवसापासून तांबट बागेला पाणी घालू लागला. पौर्णिमा आली की त्याला घरात चैन पडत नसे. तो काठावर जाऊन उभा राहायचा. वारा तिकडून येत असला की सभेतला गलका ऐकू यायचा. शब्द कळायचे नाहीत, पण भांडण जुंपलंय एवढं कळायचं. तेवढ्यावरही त्याचा जीव गलबलून यायचा.

वर्षाने ऐलदेशातला एक तरुण कुंभार बायकोला घेऊन त्याच्या दारी आला. पोर ओळखीचं, त्याच्या जुन्या घराशेजारच्याच आळीतलं.

"तांबटकाका, आम्हीही इकडेच यावं म्हणतोय," कुंभार म्हणाला. "भट्टीला जागा मागून पाच वर्षं झाली. सभेत काही हलत नाही. इथे म्हणे सगळं एका दिवसात होतं. खरं का हो?"

तांबटाने आपल्या बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आशा होती. शेजारचं घर रिकामंच होतं. ही दोघं आली तर आपल्या गावचे शब्द रोज कानावर पडतील, सणाला कुणीतरी दार वाजवेल. "हो, खरं आहे" एवढं म्हटलं की झालं. खोटंही ठरणार नव्हतं, आणि रीतही पाळली जाणार होती.

त्याने पाण्याचा तांब्या पाहुण्यांपुढे सरकवला. मग तो म्हणाला, "एका दिवसात होतं, हे खरं आहे. तुझ्या काकूचे गुडघे इथे बरे झाले, हेही खरं आहे आणि मी ते विसरणार नाही. पण माझी हातोडी एका दिवसात गेली. तुझं चाकही तसंच जाऊ शकतं. आणि गेलं तर ते कुणाला सांगायचं, त्याची जागा इथे नाही."

कुंभाराची बायको दचकली. यजमान आपल्याच देशाचं उणं काढतोय, हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

"मग आम्ही तिकडे काय करायचं?" कुंभार चिडून म्हणाला. "जन्मभर त्या चिंचेखाली बसून राहायचं?"

"तुझ्या भट्टीला पहिली तीन वर्षं नाही कोण म्हणत होतं, ठाऊक आहे?" तांबट म्हणाला. "मी. धुराचं निमित्त होतं. खरं तर तुझ्या वडलांशी माझं पटत नव्हतं. आणि आमच्या पाटाला नाही म्हणणारे तुझे वडील होते. आम्ही दोघांनी एकमेकांची वाट अडवली आणि दोष सभेला दिला. मला बोलायला जागा होती रे, आणि मी ती त्या कामाला वापरली. आता बोलायला पुष्कळ आहे, पण जागा मी माझ्या हाताने लोटून आलोय. तू जा. सभेत उभा राहा. आधी पाटाला हो म्हण, मग भट्टी माग. वेळ लागेल. तरी जा."

कुंभाराच्या बायकोने वाकून तांबटाला नमस्कार केला आणि ती म्हणाली, "शेवटची होडी कधी आहे हो काका?"

"आहे अजून वेळ. जेवून जा."

पानं मांडली गेली. तांबटाच्या बायकोने आग्रहाने भाकरी वाढली, पण तिला त्या दोघांकडे बघवत नव्हतं. पहिला घास घेण्याआधी तांबट पुढे सरकून बसला.

"आता मला सांग," तो म्हणाला, "गेल्या पौर्णिमेला सभेत भांडण कशावरून झालं?"

कुंभार ओशाळला. "जाऊ द्या हो काका. फालतू गोष्ट. कुणाच्या शेळीनं कुणाचा पडवळाचा वेल खाल्ला."

"अरे, पहिल्यापासून सांग. आधी कोण उठलं? तो काय म्हणाला? मग त्याला नाही कोण म्हणालं?"

कुंभार सांगू लागला. शेळी, वेल, त्यावरून निघालेलं आजोबांच्या वेळचं कुंपण, शेवटी म्हाताऱ्याने सगळ्यांना केलेली दमदाटी. तांबट हसत होता, मधेमधे "मग? मग?" म्हणत होता, आणि ताटातली भाकरी तशीच निवत होती. त्याचे डोळे कधी वाहू लागले ते त्यालाही कळलं नाही.

या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य असं: शेजारच्या देशात कामं किती झटपट होतात ते जरूर विचारावं, पण काम चुकलं तर तिथे कुणाला सांगता येतं, हेही विचारावं. आणि आपल्याकडे "नाही" म्हणायची मुभा असेल, तर ती शेजाऱ्याची वाट अडवण्यात उधळू नये.