आमदारांना हवा मोठा माइक

निवडणुकीच्या तोंडावर एका वाहिनीवर थेट चर्चा होती. स्टुडिओतला साऊंड सांभाळणारी शर्वरी आमदार ढमढेरेंच्या जाकिटाला क्लिपचा माइक लावू लागली, तसे ते भडकले.

"हरभऱ्याएवढा माइक? विरोधकाला लावलात तोच मला? सभेत असतो तसला मोठा आणा, नाहीतर मी निघालो!"

कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली होती. निर्मात्याला घाम फुटला. शर्वरी मात्र अदबीने म्हणाली, "आणते की साहेब. ज्यांचा आवाज जनतेपर्यंत पोचत नाही, त्यांना आम्ही मोठाच देतो."

आमदार मुकाट्याने खुर्चीत बसले. विरोधकाच्या माइककडे तिरक्या नजरेने बघत त्यांनी हळूच विचारलं, "बाई, त्याच्यापेक्षा लहान नाही का एखादा?"