पांढऱ्या टोपीचा कौल

एक वृद्ध मिस्त्री आपल्या शिष्यासह सांगलीबाहेर, हमरस्त्याच्या कडेला, मोटारी धुण्यापुसण्याचे आणि जुन्या गाड्यांना नवे रूप देण्याचे काम करीत असत. आश्रम म्हणावा असे तिथे काही नव्हते. पत्र्याची शेड, पाण्याची टाकी आणि एक कडुलिंब. शिष्यही काही कोवळा बटू नव्हता. श्रीपती त्याचे नाव, वय चौतीस, मिशा भरघोस, घरी दोन लेकरे. पण मिस्त्रींना तो 'वस्ताद' म्हणे आणि अकरा वर्षे त्यांच्या हाताखाली शिकत होता, म्हणून मी त्याला शिष्य म्हणतो.

वस्तादांच्या दोन गोष्टी साऱ्या परिसरात ठाऊक होत्या. एक त्यांची टोपी. ग्रीस, तेल आणि काजळी यांच्यात आयुष्य गेले, पण डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीला कधी कुणी डाग पाहिला नाही. त्यांना त्याचा अभिमान होता आणि तो ते लपवीतही नसत. दुसरी गोष्ट म्हणजे त्या शेडची रीत. तयार झालेल्या गाडीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, ती ज्याचा शेवटचा हात गाडीवर फिरला त्यानेच. श्रीपतीने अकरा वर्षांत शेकडो गाड्या घासल्या, पण किल्ली दर वेळी वस्तादांच्याच हातून गेली.

एका गुरुवारी हळदीचे एक व्यापारी आपली जुनी मोटार घेऊन आले. रविवारी लेकीची पाठवणी याच गाडीतून व्हायची होती. पत्रा ठीक होता. मात्र बंपर, दारांवरच्या पट्ट्या, चाकांवरच्या कडा, जे जे म्हणून काळे प्लास्टिक होते, ते सारे उन्हाने राखेसारखे पांढुरके पडले होते.

"शिरपा," वस्ताद म्हणाले, "ही गाडी पहिल्यापासून शेवटापर्यंत तुझी. किल्ली तूच द्यायचीस."

अकरा वर्षे ज्या वाक्याची वाट पाहिली ते एकदाचे कानी पडले, की माणसाचे जे होते तेच श्रीपतीचे झाले. त्याला घाई सुटली. शुक्रवारी दुपारी वस्ताद जेवायला घरी गेले, तेवढ्यात त्याने बुटाच्या काळ्या पॉलिशात खोबरेल तेल कालवले आणि फडक्याने सगळ्या प्लास्टिकवर चोपडले. तासाभरात गाडी अशी चमकू लागली, की रस्त्यावरचे ट्रकवाले वेग कमी करून पाहू लागले. त्याने व्यापाऱ्यांना फोन करून बोलावूनही घेतले.

वस्ताद परतले आणि पाठोपाठ व्यापारी आले. गाडी पाहून ते खूश झाले. श्रीपती किल्ली हातात घेऊन, छाती पुढे काढून उभा होता.

"बघा शेठ, कसं झक्क काळं फासलंय! नव्या गाडीनं मान खाली घालावी!"

तो शब्द ऐकून वस्ताद जागीच थांबले. मग सावकाश बंपरपाशी गेले, डोक्यावरची टोपी काढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बंपरवरून फिरवली. टोपीवर तळहाताएवढा काळा पट्टा उमटला. तीच टोपी त्यांनी पुन्हा डोक्यावर ठेवली. श्रीपतीच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि खिळ्याला अडकवली.

"शेठ, काम व्हायचंय अजून. रविवारी सकाळी या."

व्यापाऱ्यांनी त्या टोपीकडे क्षणभर पाहिले. "आम्हीसुद्धा हळकुंड मोडूनच बघतो, वरच्या पिवळ्यावर जात नाही," असे म्हणून ते निघून गेले.

श्रीपतीच्या डोळ्यांत पाणी आले. ते पश्चात्तापाचे नव्हते, रागाचे होते.

"वस्ताद, बाजूला घेऊन सांगायचं होतं. गिऱ्हाइकापुढं माझी इज्जत घालवलीत."

"घालवली नाही रं, वाचवली. रविवारी त्या पोरीचा शालू या बंपरला घासला असता, मग मांडवभर कुणाचं नाव निघालं असतं? माझी टोपी धुता येईल." वस्ताद कडुलिंबाखाली टेकले. "मला एक सांग, काळं कशाला फासतात?"

"तोंडाला," श्रीपती खाली बघत म्हणाला.

"कुणाच्या?"

"ज्याचा अपमान करायचा त्याच्या."

"मग या गाडीनं तुझं काय वाईट केलंय? हे प्लास्टिक आतपर्यंत काळंच हाय, बाबा. वरचा थर उन्हानं मेला आणि त्यावर आजवर ज्यानं त्यानं चोपडलेलं पॉलिश वाळून बसलं. तू त्यावर आणखी एक पूट चढवलंस. तुला काळं आणायचं नव्हतंच, नको ते काढायचं होतं. आतलं काळं आहेच तिथं. ते दिसाया लागलं की उन्हाला अडवण्यापुरतं औषध पातळ लावायचं, आणि जास्तीचं तेही पुसून घ्यायचं. जे हाताला लागतं, ते गाडीचं नसतं."

श्रीपती उठला. त्याने बादली भरली.

शनिवारचा अख्खा दिवस त्याने सावलीत बसून घासण्यात घालवला. साबणाचे पाणी, ब्रश, आणि प्लास्टिकच्या बारीक खरबरीत खाचांसाठी जुना टूथब्रश. फडके आधी काळे निघाले, मग करडे, मग पिवळट. कोपर भरून आले, तरी फडके स्वच्छ निघेपर्यंत तो थांबला नाही. वस्तादांनी कशालाही हात लावला नाही. ते मात्र ती डागाळलेली टोपी घालून बाजारात दोनदा जाऊन आले. कुणी विचारले, तर म्हणत, "काम चालू आहे." ते ऐकून श्रीपतीला भुईत गडप व्हावेसे वाटे आणि त्याचा ब्रश अधिक जोराने चाले. संध्याकाळी त्याने औषध लावले, पुसले आणि गाडी तशीच वाळू दिली.

रविवारी सकाळी व्यापारी आले, तेव्हा गाडी चमकत नव्हती. तिचे प्लास्टिक शांत, गडद, मूळचे काळे दिसत होते. श्रीपतीने या वेळी कसलीही बढाई मारली नाही. त्याने खिशातून एक पुडी काढली. तिच्यात कोरी पांढरी टोपी होती. सगळ्यांसमोर त्याने ती बंपरवरून फिरवली, दारांच्या पट्ट्यांवरून फिरवली, चारही चाकांवरच्या कडांवरून दाबून फिरवली. नंतर तिच्याकडे न पाहताच दोन्ही हातांनी वस्तादांपुढे धरली.

वस्तादांनी डागाळलेली टोपी उतरवली. नवी घेतली आणि त्यांनीही ती उलटसुलट करून न पाहता थेट डोक्यावर ठेवली. मग खिळ्यावरची किल्ली काढून श्रीपतीच्या हातात दिली.

"दे. तुझी गाडी आहे."

किल्ली देताना श्रीपतीची मान ताठ होती. वस्तादांच्या डोक्यावरची टोपी पांढरीशुभ्र होती, हे व्यापाऱ्यांनी पाहिले. त्या दोघांनी मात्र शेवटपर्यंत पाहिले नाही.

आपल्या कामाचा अभिमान माणसाने अवश्य मिरवावा. तो दुसऱ्याच्या कपड्यांना लागत नाही, एवढे आधी पाहून घ्यावे.