लागला का लावला?

शिट्टी गळ्यात अडकवली म्हणजे अक्कल येतेच असं नाही, बघा.

कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉलची फायनल चालली होती. सामना बरोबरीत, वेळ संपत आलेली. आमच्या पेठेतल्या हौसाक्काचा पोरगा बंडा गोलापुढं उभा होता. समोरच्यानं अगदी जवळून चेंडू हाणला, तो बंडाच्या कोपरावर आदळला. हात काढायला तरी उसंत नको का पोराला? पण इनामदार पंचांनी फुंकली शिट्टी आणि दिली पेनल्टी! वर भरल्या मैदानात पोराला म्हणाले, "लबाडा, चेंडूला हात लावतोस?"

"लावला न्हाई सायेब, लागला!" बंडा रडकुंडीला आला.

"लागला काय, लावला काय, एकच!"

हे ऐकलं आणि हौसाक्का पदर खोचून गॅलरीतून तरातरा मैदानात शिरली. पंचांनी तिला अडवायला हात आडवा केला, तो तिच्या खांद्याला लागला.

"अगं बया! पंचानं मला हात लावला!"

सगळी गॅलरी उठून उभी राहिली. पंचांना दरदरून घाम फुटला. "अहो मावशी, लावला नाही, चुकून लागला!"

"लागला काय, लावला काय, एकच न्हवं?"

पंचांनी मुकाट पेनल्टी मागं घेतली.

अजून आमच्या पेठेत पंचानं शिट्टी तोंडाला लावली की गॅलरीतून बाया ओरडतात, "आधी सांगा, लागला का लावला?"