मुकिंदानं मैनाचं पहिलं वर्ष वाचवलं

ओढ्याकाठच्या एका गावात मुकिंदा नावाचा एक भोळा कुंभार राहत होता. मडकी मात्र अशी घडवायचा की आसपासच्या दहा गावांत तोड नव्हती. देवानं सगळी अक्कल त्याच्या बोटांतच ओतली आणि डोक्यासाठी काही उरलीच नाही, असं लोक म्हणायचे. लोक हे त्याच्या तोंडावर म्हणायचे, आणि तो हसून "व्हय, व्हय" करायचा.

या मुकिंदाला मुलगी झाली. त्याची बायको सुगंधा बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती अडीच महिन्यांनी बाळाला घेऊन परत आली. बाळाचं नाव मैना. सोबत सुगंधाची आई गजराबाईसुद्धा आली.

मुकिंदानं मैनाला मांडीवर घेतलं. मैनानं त्याचा मातीनं माखलेला अंगठा मुठीत धरला आणि ती झोपून गेली. त्या दिवशी चाक काही फिरलं नाही. दुपार टळली तरी मुकिंदा जागचा हलेना.

सुगंधा म्हणाली, "अवो, जेवायचं न्हाई का?"

"तिनं सोडलं की जेवतो."

गजराबाईनं हे पाहिलं. तिला बरं वाटलं. पण बाई पडली व्यवहाराची. हा जावई मडकी विकायला जातो आणि येताना कुणी गळ्यात मारलेली नवीच वस्तू घेऊन येतो, हे तिला ठाऊक होतं. गेल्या साली तो घोड्याचं खोगीर घेऊन आला होता. घोडा नव्हता.

"जावईबापू," ती म्हणाली, "लेकराचं पहिलं वरीस लई खर्चाचं असतं. आज ह्ये लागतं, उद्या त्ये लागतं. तुमच्या हातात पैका टिकत न्हाई. दोन आठवडी बाजार होईस्तोवर मी हितं ऱ्हाते. काटकसरीनं चाललात तर लेक आन नात हितंच. न्हाईतर दोघींना माझ्या गावी न्हेते. मैनाचं वरीस भरलं की आणून सोडते."

मुकिंदाचा चेहरा उतरला. तो सासूला मामी म्हणायचा. म्हणाला, "मामी, वरीसभर? मग हिनं अंगठा कुनाचा धरायचा?"

"तिच्या मामाचा."

मुकिंदाला हे मुळीच पटलं नाही. मैनाच्या मामाचे अंगठे त्यानं पाहिले होते. काही विशेष नव्हते. त्यानं तिथल्या तिथं ठरवलं की आता काटकसर म्हणजे काटकसर.

दुसऱ्या दिवशी सुगंधा म्हणाली, "लंगोटांना कापड आणा." मुकिंदा दुकानात गेला. दुकानदारानं त्याला कडक खळीचं कोरं मांजरपाट दाखवलं आणि सांगितलं, "पंधरा वर्सं फाटायचं न्हाई." मुकिंदानं विचार केला, एकदा घेतलं की मैना पंधरा वर्षांची होईपर्यंत लंगोटांची काळजी नको. त्यानं अख्खं ठाण आणलं.

गजराबाईनं त्यातला एक लंगोट करून मैनाला बांधला. मैना आडवी पडली होती, आणि लंगोट तिच्याभोवती ताठ उभा होता. मैनानं भोकाड पसरलं.

"तान्ह्या लेकराला कोरं कापड टोचतं, जावईबापू. लोकांनी वापरून वापरून मऊ झालेलं आणायचं. चार घरी मागितलं की फुकट मिळतं."

"बरं. ध्यानात ठेवलं," मुकिंदा म्हणाला, आणि त्यानं धोतराच्या सोग्याला एक गाठ मारली.

मग सुगंधासाठी डिंकाचे लाडू करायचे ठरले. गजराबाईनं त्याला खारीक आणायला पाठवलं. वाण्याचं दुकान वाटेतच होतं. वाण्यानं हाकही मारली. पण मुकिंदा आता शहाणा झाला होता. त्यानं गाठ चाचपली आणि तो सरळ पुढे गेला.

पहिल्या घरी जाऊन विचारलं, "वापरून मऊ झालेली खारीक हाय का?" बाईनं दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी हसले. तिसऱ्या घरी कुत्रं सोडलं. चौथ्या घराच्या ओट्यावर दगडूआबा बसले होते. आबांच्या तोंडात एकही दात नव्हता, गालात मात्र खारीक होती.

"आबा, मऊ झालेली खारीक हाय का?"

"सकाळधरनं चघळतोय, लेका. आता कुटं मऊ झाली."

"द्या मग. बाळंतिणीसाठी पायजे."

दगडूआबा मोठ्या मनाचे. बाळंतिणीचं नाव ऐकताच त्यांनी तोंडातली काढून दिली. पलीकडच्या गालातही एक होती, तीही दिली.

मुकिंदानं त्या दोन्ही खारका पळसाच्या पानावर मांडून सासूपुढे ठेवल्या. "फुकट मिळाल्या, मामी."

गजराबाईनं नाकाला पदर लावला. मग म्हणाली, "खायची वस्तू दुकानातनं घ्यायची, आन कुनी तोंड न लावलेली घ्यायची. आन घ्यायची तर एकदम वर्साची भरून ठेवायची. घाऊक घेतली की स्वस्त पडती."

"बरं. ध्यानात ठेवलं." दुसरी गाठ.

दोन दिवसांनी सुगंधा म्हणाली, "खिरीला जरा दूध आणता का?"

मुकिंदा केरबा गवळ्याकडे गेला. "केरबा, ह्या दुधाला कुनी तोंड लावलं न्हाई न्हवं?"

"न्हाई बा. आत्ताच काढलंय."

"मग वर्साचं दे."

केरबानं त्याच्याकडे नीट पाहिलं. थट्टा नव्हती. मग त्यानं आपल्या गोठ्यातलं सगळं दूध दिलं, भावाच्या गोठ्यातलं दिलं, मेव्हण्याला निरोप पाठवून त्याचंही आणवलं. बदल्यात मुकिंदानं उन्हाळ्यासाठी भाजून ठेवलेली भट्टीभर मडकी देऊन टाकली. एवढ्यात वर्षाचं दूध म्हणजे किती स्वस्त, असं त्याला वाटलं. मला तर केरबाचाच राग येतो. पण व्यापाऱ्याला काय बोलणार?

मुकिंदानं तीन रांजण काठोकाठ भरले. वर झाकणं ठेवली. वर्षभर टिकायला हवं म्हणून झाकणांच्या कडा ओल्या मातीनं लिंपून पक्क्या केल्या. कामात तो चोख होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या रांजणाचं झाकण उडालं. ते छपराला लागून खाली आलं तोवर दुसरं उडालं. असा वास सुटला की शेजारची माणसं ताट उचलून ओढ्यावर जेवायला गेली. मैना तेवढी खुदकन हसली. तिला झाकणं उडालेली आवडली.

गजराबाईनं कोपऱ्यातलं बोचकं ओढलं आणि मैनाच्या दुपट्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

सुगंधा नवऱ्याला बाजूला घेऊन गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अवो, नासणारी वस्तू भरून ठेवतात व्हय? लागंल तेवढंच आणायचं. बोटभर बी जास्त न्हाई. आईनं बोचकं काढलंय. मला हितनं जायाचं न्हाई हो."

मुकिंदानं मान हलवली. "लागंल तेवढंच," तो म्हणाला. "बोटभर बी जास्त न्हाई." तिसरी गाठ त्यानं दातांनी ओढून घट्ट केली.

पहिला बाजार होऊन गेला होता. दुसऱ्याला चार दिवस उरले होते. सुगंधानं आईची मनधरणी केली, तेव्हा गजराबाईनं जावयाला आणखी एक संधी दिली. मैनाला पाळणा हवा होता. चार घरं पलीकडे मालन नावाची बाई राहायची. तिची ठकू नुकतीच वर्षाची झाली होती आणि चालायला लागली होती. पाळणा तिच्याकडे रिकामाच पडला होता.

"नवा पाळणा करू नका. मालनचा मागून आणा," गजराबाई म्हणाली. "पैका न्हाई, काय न्हाई. ह्यात तरी चुकायला जागा न्हाई."

चुकायला जागा नाही, असं मुकिंदाच्या बाबतीत कुणी म्हणू नये.

निघण्याआधी त्यानं सुतळीनं मैनाचं माप घेतलं. एक हात आणि चार बोटं. मालनच्या घरी जाऊन पाळण्याला सुतळी लावली. पाळणा दोन हात. मालन पाण्याला गेली होती. मुकिंदानं शेजारच्या सुताराची करवत मागून आणली, बोटभरही जास्त नको म्हणून नीट खूण केली, आणि पाळणा कापला. आपला तुकडा डोक्यावर घेऊन घरी आला. उरलेला मालनच्या ओट्यावर नीट ठेवला. दुसऱ्याच्या वस्तूचं त्याला फार वाटायचं.

नशीब असं, की गजराबाईनं आधी त्यात उशी ठेवून पाहिली. उशी उघड्या बाजूनं सरळ खाली आली.

एवढ्यात मालन आली. एका कडेवर भाकरीचा तुकडा चोखणारी ठकू, दुसऱ्या काखेत अर्धा पाळणा.

"मुकिंदादादा, माज्या आज्याच्या येळचा पाळणा ह्यो! निम्म्या गावाची लेकरं ह्यात वाढली!"

मुकिंदाला खरंच वाईट वाटलं. सुगंधानं मालनचे पाय धरले. सुताराला बोलावलं, त्यानं दोन्ही तुकडे पट्ट्या मारून जोडले, आणि मुकिंदाच्या सहा घागरी घेऊन गेला. मालनचा राग फार वेळ टिकायचा नाही. ती ओट्यावर टेकली आणि मुकिंदाला समजावू लागली.

"दादा, मागून आणलेल्या वस्तूची कापाकापी करायची नसती. आपल्या गावाची रीत काय हाय? ज्याच्या घरी लेकरू मोठं झालं त्यानं द्यायचं, ज्याच्या घरी लहान हाय त्यानं न्यायचं. जसंच्या तसं न्यायचं, जपून ठेवायचं, काम झालं की जसंच्या तसं परत करायचं. पैका लागत न्हाई, आन दोन्ही घरं सुखी."

"दोन्ही घरं सुखी," मुकिंदा म्हणाला.

"माजं तर खर्चाचं वरीस सरलं बाई," मालन सुगंधाकडे वळली. "ठकूला आता काय लागत न्हाई. भाकरी खाती आन अंगणात फिरती. पर खरं सांगू? तान्हं लेकरू मांडीवर न्हाई, तर हात रिकामं रिकामं वाटत्यात."

मुकिंदा तोंड उघडं ठेवून ऐकत होता. मालन गेली. त्यानं चौथी गाठ मारली, आणि विसरू नये म्हणून तिच्यावर आणखी एक मारली.

दुसऱ्या बाजाराचा दिवस उजाडला. दारात बैलगाडी उभी राहिली. गजराबाईनं हिशेब एका वाक्यात केला. "कापड गेलं, भट्टी गेली, घागरी गेल्या, आन घरात अजून वास येतोय. चल सुगंधा."

सुगंधा आत लुगडी भरत होती आणि मधेमधे डोळे पुसत होती. तिनं मैनाला दुपट्यात गुंडाळून, डोक्याला कुंची घालून नवऱ्याच्या हातात दिलं. "निघायच्या आधी घ्या जरा."

मुकिंदा मैनाला घेऊन अंगणात उभा राहिला. वर्षभर ही दिसणार नाही. परत येईल तेव्हा चालत येईल आणि विचारील, हा बाबा कोण? त्याचे डोळे भरून आले. पुसायला त्यानं धोतराचा सोगा उचलला, आणि हाताला गाठी लागल्या.

मुकिंदा थांबला. त्यानं शेवटची गाठ चाचपली. मग त्याचं तोंड असं उजळलं की बैलानंसुद्धा मान वळवून पाहिलं.

तो तडक मालनच्या घरी गेला. मालन धान्य पाखडत होती, आणि ठकू त्या सुपात बसायला बघत होती.

"मालनताई, हिला ठेवा. आन हिला न्हेतो."

मालनला वाटलं, गाडी निघेपर्यंत लेकरांची अदलाबदल करून दादा जरा गंमत करतोय. तिनं मैनाला आनंदानं मांडीवर घेतलं. "न्या की दादा. तेवढंच माजं पाखडून हुईल. कवा आणता?"

"वरीस भरलं की."

मालन हसली. "दादा, तुमचं बोलणं म्हंजे!" आणि ती मैनाशी बोबडं बोलायला लागली.

इकडे गजराबाई गाडीत बसली होती. मुकिंदा मैनाच्याच दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आला. मैनाची कुंची ठकूच्या डोक्यावर अर्धीच बसली होती, आणि दुपट्यातून दोन धुळीचे पाय बाहेर लोंबत होते. गजराबाईनं हात पुढे केले. मुकिंदानं बाळ दिलं. गजराबाईचे हात एकदम खाली गेले.

"अगं बाई! ही एवढी जड कशी झाली?"

दुपट्यातून एक हात आला आणि त्यानं गजराबाईची नथ धरली. मग कुंची बाजूला झाली, चार दात दिसले, आणि बाळ म्हणालं, "भाकयी."

गजराबाई किंचाळली. सुगंधा धावत बाहेर आली.

"जावईबापू, ही कोण?"

"ठकू," मुकिंदा म्हणाला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. "मामी, आता न्यायचं कारणच उरलं न्हाई. पहिलंच वरीस खर्चाचं म्हनला होता न्हवं? हिचं झालंय. मालनताईंच्यात सगळा खर्च हून गेला. चालती बी, खाती बी. लंगोट नको, पाळणा नको. जशीच्या तशी आणली, कुटं कापली न्हाई."

"आन मैना?" सुगंधानं विचारलं.

"मालनताईंच्या मांडीवर. त्यांचं हात रिकामं वाटत हुतं. मामींच्या गावाला गेली असती तर मला वरीसभर दिसली नसती. हितं चारच घरं. सकाळी बघाया जाईन, सांजचं बघाया जाईन. वरीस भरलं की बदलून घेऊ."

सुगंधा अनवाणीच पळत सुटली. गजराबाई गाडीत तशीच बसून राहिली. तिला जावयाच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली. पण तो इतका सुखानं उभा होता, की तिचा हात काही उठेना. उलट तिलाच हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

गाडीवानानं विचारलं, "निघायचं का आजी?"

"न्हाई," गजराबाई जावयाकडे बघत म्हणाली. "गाडी परत ने. कुनी कुटं जात न्हाई. मीच ऱ्हाते वरीसभर. ह्या घरात दोन लेकरं हायत, माजी सुगंधा एकटी कुटं पुरी पडंल?"

मुकिंदाला भरून आलं. सासू राहणार, सुगंधा राहणार, मैना राहणार. त्यानं वाकून सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. मग ठकूला उचलून कडेवर घेतलं आणि तिची कुंची नीट केली.

"दोन म्हनलात न्हवं, मामी?" त्यानं विचारलं. "मग मालनताईंना सांगून येतो, ठकू आता परत मिळायची न्हाई."