बांगडीएवढा काळा तुकडा

सगळी भिंत उजळायची, मग कोपऱ्यातला एवढा तुकडा काळाच का ठेवायचा?

फार पूर्वी एका डोंगराळ मुलखात एक धाकटा भाऊ राहत होता. हा प्रश्न त्याने घरात शंभरदा तरी विचारला असेल. थोरला भाऊ म्हणायचा, "कापूस दे इकडे." वहिनी म्हणायची, "भावजी, आधी भाकरी खाऊन घ्या. रिकाम्या पोटी प्रश्न फार पडतात." उत्तर दोघांनीही कधी दिलं नाही.

हे तिघे जुन्या देवळांच्या भिंती धुवायचे. त्या मुलखातल्या देवळांत शेकडो वर्षांची चित्रं होती आणि दर जत्रेला त्यांवर जवसाचं तेल चोळायची रीत होती. तेल लागलं की हत्ती, घोडे, नाचणाऱ्या बाया दोन दिवस लखलखायच्या. मग तेल वाळायचं, त्यावर समयांची काजळी बसायची आणि चित्र आणखी थोडं काळं पडायचं. पुढच्या जत्रेला लोक भक्तीने पुन्हा तेल चोळायचे. असं करता करता भिंती तव्यासारख्या झाल्या होत्या.

वाळलेलं तेल पाण्याला दाद देत नाही. त्याला मोहाच्या फुलांचा तीनदा गाळलेला अर्क लागतो. पण अर्काला मळ आणि रंग यांतला फरक कळत नाही. मळ संपला की तो रंग खायला लागतो. म्हणून थोरल्याच्या हातात अर्काचा बोळा असायचा आणि शेजारी उभ्या वहिनीच्या हातात राळेच्या पातळ तेलाचा. हे तेल टेकवलं की अर्काचा जोर तिथेच ओसरायचा. थोरला मळ सोडवायचा, वहिनी थांबवायची. अंगणात पांढरं धोतर अंथरून त्यावरचं ऊन भिंतीवर पाडायचं, एवढंच काम धाकट्याकडे होतं. शाळेत त्याला चार अक्षरं जेमतेम आली होती, आणि धीर तर तेवढाही नव्हता.

भिंतीला हात लावण्याआधी वहिनी बांगड्या काढून कापसाच्या टोपलीत ठेवायची. काम संपत आलं की त्यातली एक कोपऱ्यात भिंतीला टेकवायची आणि तिच्याभोवती कोळशाने गोल काढायची. त्या गोलाच्या आत कोणी बोळा लावायचा नाही. लोक हसायचे. एका गावात एकजण म्हणाला, की शेवटच्या दिवशी तुमच्या थोरल्याला झोप येते वाटतं. धाकट्याने त्याचा दात पाडला. वहिनीने त्या माणसाकडे हळद घातलेलं दूध पाठवलं आणि दोन दिवस धाकट्याशी बोलली नाही.

पुढे एका मोठ्या देवळाची भिंत हाती आली. तिला सहा वर्षं लागली. कोपऱ्यात गोल काढला त्याच आठवड्यात गावात तापाची साथ आली. मंगळवारी वहिनी गेली, शुक्रवारी थोरला.

तेरावा झाला आणि धाकटा देवळात आला. टोपलीत वहिनीने वळून ठेवलेले बोळे तसेच होते. भिंत उजळली होती, फक्त तो गोल काळा होता. त्याला वाटलं, दोघांचं एवढंच काम राहून गेलं, आणि एवढ्यासाठी लोक त्यांना जन्मभर आळशी म्हणत राहतील. देवळाचे गुरवबाबा म्हणाले, घरी जा, चार दिवस नीट झोप. त्याने ऐकलं नाही. अर्क तीनदा गाळायचा तर नऊ दिवस लागतात. त्याला नऊ दिवस काढायचे नव्हते. तेलकट कपड्यांना लावतात तसं राखेचं खारं पाणी त्याने केलं, ते आटवून कडक केलं, त्यात बोळा बुडवला आणि गोल घासायला लागला.

आधी कापूस काळा झाला, मग तपकिरी. खाली एका बाईचा निळा पदर दिसला. धाकट्याला किती दिवसांनी बरं वाटलं. तो आणखी जोराने घासू लागला. मग कापूस निळा झाला.

"वहिनी, थांबवा," तो डावीकडे वळून म्हणाला.

डावीकडे कोणी नव्हतं. राळेच्या तेलाचा बोळा त्याने स्वतः शोधून आणला, तोवर गोलात नुसता पांढरा गिलावा उरला होता.

पुढच्या थंडीत त्या सगळ्या भिंतीवर दुधाच्या सायीसारखं पांढरं धरलं. हत्ती धूसर झाले, बायांचे चेहरे दिसेनात. लोक म्हणू लागले, की थोरल्याने कसलं तरी औषध लावलं, मेला तो मेला आणि भिंतही घेऊन गेला. धाकट्याने कोणाचा दात पाडला नाही. त्याच्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं. तो पायरीवर बसून ऐकत राहिला.

शेवटी गावाने लांबून एका म्हातारीला बोलावलं. रंगांचे आजार तिला कळत, म्हणून सगळे तिला रंगवैद्य म्हणत. ती येणार त्याच्या आदल्या दुपारी गुरवबाबांनी धाकट्याला बाजूला घेतलं. माणूस मायेचा होता.

"काजळ आणि तेल कालव आणि तो गोल परत काळा कर," ते म्हणाले. "थोरल्याचं नाव तर गेलंच आहे. तुझं तरी राहू दे, तुला अजून पोट भरायचंय."

धाकट्याने काजळ कालवलं. बोट भिंतीपाशी नेलं. आतला रंग गेला होता, पण वहिनीने बांगडीभोवती ओढलेली कोळशाची रेघ अजून तशीच होती. त्याने बोट मागे घेतलं. मग हात धुऊन घरी गेला.

सकाळी सारा गाव जमला. म्हातारीने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि एकच गोष्ट विचारली.

"न धुतलेला तुकडा कुठे ठेवलाय?"

धाकट्याने विचारलं, "तो कशाला लागतो?"

"त्याच्यावरही पांढरं आलं असेल तर दोष भिंतीचा. छतातून पाणी मुरतं आणि आतला खार बाहेर येतो. त्याच्यावर आलं नसेल तर दोष धुणाऱ्याचा. दोन्हींची औषधं वेगळी, बाबा. चुकीचं लावलं तर पांढरं राहतं आणि चित्र जातं. चांगला धुणारा असा तुकडा ठेवतोच."

धाकटा खाली बसला. म्हणाला, "त्यांनी ठेवला होता. मी घासला." मग काय लावलं, किती आटवलं, कापूस कसकसा रंगला, ते त्याने सगळ्यांदेखत सांगितलं.

म्हातारीने त्याचा हात उलटा करून पाहिला. "नखात काजळ आहे तुझ्या. हे भिंतीला लागलं असतं तर मला गोल काळा, पांढरं न धरलेला दिसला असता. मी दोष धुणाऱ्यावर टाकला असता, आणि चुकीचं औषध लावून दुपारपर्यंत सगळी भिंत आता तो गोल आहे तशी कोरी केली असती." गुरवबाबा आपल्या पायांकडे बघू लागले.

आता लांबच्या वाटेने जाणं आलं. भिंतीच्या तळाशी, जिथे चित्र नव्हतं, तिथे म्हातारीने नखाएवढ्या एका जागी ओल्या कागदाचा लगदा लावला आणि दुसऱ्या जागी अर्क. मग कशाचा गुण येतो ते पाहायला वर्षभर वाट पाहिली. पुन्हा लावलं, पुन्हा पाहिली. जे एका दुपारी कळलं असतं, ते कळायला तीन हिवाळे गेले. लगद्याने पांढरं ओढून घेतलं, अर्काने ते हललं नाही. तो भिंतीतलाच खार होता. थोरल्याचा दोष नव्हता.

धाकट्याने हे गावाला सांगितलं. लोक "असं होय" म्हणाले आणि जत्रेच्या तयारीला लागले.

त्याने छत दुरुस्त करून घेतलं. मग वीतभर, वीतभर करत लगद्याने खार ओढून काढला. डावीकडे कोणी नव्हतं, म्हणून दोन्ही हातांची कामं तो एकटाच करायचा. हळूहळू हत्ती दिसले, बायांचे चेहरे दिसले. निळा पदर गेला तो गेलाच. तिथे त्याने नवा रंग भरला नाही.

तात्पर्य एवढंच, की मोठ्यांनी मागे ठेवलेल्या गोष्टीचा अर्थ कळेपर्यंत तिला हात लावू नये, आणि हातून बिघडलेलं झाकू नये.

शेवटच्या दिवशी धाकट्याने टोपलीच्या तळातून वहिनीची हिरवी बांगडी काढली. पांढऱ्या गिलाव्याच्या शेजारी, जिथे खाराची साय अजून होती, तिथे ती हलकेच टेकवली, तिच्याभोवती कोळशाने गोल काढला आणि हातातला लगदा खाली ठेवला.