पारवा घोडा आणि धुळोजी मोतद्दार

एकदा काय झालं, एका राजाच्या पागेत ढगातून उतरलेला घोडा आला. रंग पारव्यासारखा, म्हणून नाव पारवा. एका उडीत नदी ओलांडायचा, बरं का! पण भारी भित्रा. पाचोळा हलला तरी थरथरायचा. हसताय काय? तुम्हाला नाही का मोरीतल्या झुरळाची भीती वाटत?

तिथली रीत अशी, की दसऱ्याला राजानं घोड्यावर बसून राज्याची शीव ओलांडायची. पुढं निशाण, मागं नगारा. पहिल्याच दसऱ्याला पारवा असा बुजला, की राजाला पाडून पळाला. राजा फार ओशाळला. पुढल्या दसऱ्याला असंच झालं, तर याला वाघांच्या रानात सोडा, असा हुकूम निघाला.

पारव्याची निगा राखणारा मोतद्दार होता धुळोजी. त्याला मूलबाळ नव्हतं. पारवा हाच त्याचा लेक. हुकूम ऐकून तो रात्रभर पारव्यापाशीच बसून राहिला.

मग तो विचार करायला लागला. निशाण नि नगारा वर्षभर देवघरात, सोवळ्यात. बाहेर यायचे ते फक्त दसऱ्याला. मग घोड्याला ओळख पटणार कशी? त्यानं ते पागेत मागितले. भटजी कडाडले, देवाच्या वस्तू लिदीत ठेवतोस? पण राणीनं त्यांची समजूत घातली.

मग धुळोजीनं निशाण लांब कडुनिंबाला बांधलं. पारवा फुरफुरला. धुळोजीनं ओढलं नाही, मारलं नाही. नुसता बसून राहिला. रोज पारवा आपणहून चार पावलं जवळ. आठव्या दिवशी पारव्यानं निशाणाचं टोक चावून पाहिलं.

मग नगारा. आधी त्यावर हरभरे ठेवले. मग बोटानं टकटक, मग हातानं, मग टिपरीनं. नगारा वाजला की हरभरे, हे पारव्याला बरोब्बर कळलं. खादाडच तो, तुमच्यासारखा.

मग एके दिवशी राजा बघायला आला. शिरपेच झळकतोय, तलवार खणखणतेय. झालं! पारवा भिंतीला चिकटला, अंगाला घाम फुटला. धुळोजीच्या सगळं ध्यानात आलं. पण राजाला तोंडावर सांगायचं म्हणजे काय? तरी बोलला.

"महाराज, तो तुम्हालाच घाबरतो. तुम्हीसुद्धा फक्त दसऱ्यालाच येता."

राजानं मान खाली घातली. हळूच म्हणाला, "धुळोजी, पडलो त्या दिवसापासून मीही त्याला घाबरतो."

बिचारा राजा! धुळोजीला त्याची फार दया आली. मग त्यानं राजालाही तसंच सवयीला लावलं. पहिल्या दिवशी साध्या धोतरात, लांब गवताच्या भाऱ्यावर बसवलं. मग जरा जवळ. मग हातावर हरभरे. मग शिरपेच, मग तलवार. दोघांतलं कुणी दचकलं, की धुळोजी म्हणायचा, सावकाश बाबा, सावकाश. राजाला बाबा म्हणायचा, आणि राजा ऐकायचा!

दसरा आला. निशाण फडकलं, नगारा दणाणला. पारव्यानं कान हलवले, बस्स. शिवेवरची नदी त्यानं एका उडीत ओलांडली, नि राजा पाठीवर जसाच्या तसा. राजानं तिथल्या तिथं हुकूम मागं घेतला. धुळोजी पारव्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

आणि दुसऱ्या दिवशी काही दसरा नव्हता, तरी राजा सकाळीच पागेत हजर.

मग तिघंही सुखानं नांदले, तुम्हीही नांदा. चला, ओढा गोधड्या नि मिटा डोळे.