साठ बटणांचा वसा

ऐक ज्योतीमाय, तुझी कहाणी.

आटपाट कचेरी होती. तिला तीन मजले होते, साठ बटणं होती. एक मोठे साहेब होते, हेडक्लार्क भाऊसाहेब होते, पुष्कळ कारकून होते. आणि झाडलोट करून सगळ्यांना चहा देणारी सुंद्रामावशी होती. तिची चहाची खोली जिन्याखाली. खोलीला खिडकी नव्हती. दिवसभर शेगडी पेटलेली. वाऱ्याला म्हणून एक छोटा पंखा, मान हलवणारा. त्याच्या जिवावर ती तिथे उभी राहायची.

कचेरीची रीत काय होती? बटणाला हात लावायचा नाही. उठावं, निघून जावं. मागे दिवे जळताहेत, पंखे रिकाम्या खुर्च्यांना वारा घालताहेत. बटण बंद करील तो हलक्या हुद्द्याचा! मग संध्याकाळी सुंद्रामावशी तीन मजले चढायची, साठच्या साठ बटणं बंद करायची, गुडघे धरून उतरायची.

एके दिवशी वरून हुकूम आला, वीज वाचवा. साहेबांनी सभा घेतली. भर दुपारी पडदे ओढले, बारा दिवे लावले, एसी इतका गार केला की कारकुनांनी मे महिन्यात मफलर गुंडाळले. साहेब म्हणाले, "वीजबचत सप्ताह थाटात करायचा. इमारतीवर रोषणाई करा." टाळ्या वाजल्या. "आणि बचत आजपासून. जिथे फार गरज नाही तिथला पंखा काढा."

सगळ्यांनी आपापल्या डोक्यावर पाहिलं. मग चहाच्या खोलीतला पंखा काढला.

सुंद्रामावशी कारकुनांकडे गेली. "दादांनो, जीव गुदमरतो. माझा पंखा द्या." ते म्हणाले, "आमच्या हातात काय आहे, मावशी?" मग भाऊसाहेबांकडे गेली. ते म्हणाले, "अर्ज दे, बघू." मग साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "देशासाठी थोडं सोसावं माणसानं." आणि तिनं काय पाहिलं? तिचा पंखा तिथेच फिरतोय. पंख्यासमोर ओला फलक. फलकावर लिहिलंय, 'वीज वाचवा'. पंखा त्याचा रंग वाळवतोय!

सुंद्रामावशी जिन्याखाली येऊन रडू लागली. तिथे एक म्हातारी पाणी मागायला आली. "बाई बाई, का रडतेस?"

"माय, वीज मी वाचवते. रोज वाचवते. आणि पंखा माझाच नेला."

म्हातारीचे डोळे निखाऱ्यासारखे झाले. "साऱ्या कचेरीचं व्रत तू एकटी करतेस, म्हणून हे माजलेत. मी तुला वसा देते."

"वसा कसा असतो?"

"उठेल त्यानं आपलं बटण आपल्या हातानं बंद करावं. दुसऱ्याकडून करवू नये, दुसऱ्याचं करू नये. उतू नकोस, मातू नकोस, कुणी डोळे वटारले तर भिऊ नकोस." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली. पाण्याचा पेला तेवढा उजळून राहिला.

त्या संध्याकाळी सुंद्रामावशीनं आपल्या खोलीचं एक बटण बंद केलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी सप्ताह उजाडला. दिवे तीन दिवस जळतच होते, पंखे फिरतच होते. त्यांवर रोषणाई लागली, सगळे एसी लागले. मग फट्ट! वायर जळाली.

एसीसाठी साहेबांच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या. घटकाभरात खोलीची भट्टी झाली. वायरमन आला. म्हणाला, "नवी वायर जोडतो. पण आधी सगळी बटणं बंद करा, नाहीतर पुन्हा जळेल."

कारकून ओरडले, "मावशी!" भाऊसाहेब ओरडले, "मावशी!" साहेब ओरडले, "मावशी, बटणं!"

सुंद्रामावशी म्हणाली, "दुसऱ्याचं बटण मी बंद करत नाही. माझा वसा आहे."

"कामावरून काढीन!"

"काढा. तरी बटण तुमचंच राहील, साहेब."

मग घामानं भिजलेले कारकून उठले. मग भाऊसाहेब उठले. मग साहेब उठले. भिंतीवर आठ बटणं होती. अकरा वर्षं साहेब त्या खोलीत बसत होते, आणि पंख्याचं कुठलं, दिव्याचं कुठलं, त्यांना ठाऊक नव्हतं. बोट इकडे न्यावं, तिकडे न्यावं. शेवटी पुटपुटले, "वर म्हणजे चालू, की खाली म्हणजे?"

मागे कुणीतरी रुमालात हसलं.

"वर म्हणजे बंद, साहेब," सुंद्रामावशी म्हणाली.

साहेबांनी आठही बटणं वर केली. घाम हनुवटीवरून ठिबकला. "गुदमरतंय इथे," ते म्हणाले.

"हो. मला तीन दिवस गुदमरतंय."

साहेबांनी माफी मागितली नाही. फलकासमोरचा पंखा उचलला, सगळ्यांच्या देखत जिना उतरले आणि चहाच्या खोलीत ठेवला. बटणाकडे हात नेला, तेव्हा सुंद्रामावशी म्हणाली, "राहू द्या. हे माझं आहे."

वायर जोडली, वीज आली. तिनं बटण खाली केलं. पंख्यानं मान हलवली.

ज्योतीमाय जशी सुंद्रामावशीला पावली, तशी जिन्याखाली राबणाऱ्या सगळ्यांना पावो. आणि गारव्यात बसून दुसऱ्याला बचत शिकवणाऱ्याला आधी त्याचं स्वतःचं बटण सापडो. ही साठां बटणांची कहाणी पांचा बोटीं सुफळ संपूर्ण.